भरला पाय, रिकामा पाय

रायपूर, १२ जानेवारी २०२४

यशवंतराव,

हिरालाल गजभियेचा जय भीम. पत्र पाहून दचकू नका. फोनवर मले नुसतं सूं सूं ऐकू येते हे तुमाले माहीतच आहे, मिलच्या आवाजानं कान कधीच गेले. अन् तुमच्या मोबाइलवरचं लिहिलेलं मुलाच्या घरचेही वाचतात असं तुमीच एकदा म्हणाले होते. म्हणून हे कागदावर.

३० डिसेंबरपासून तुमी तलावावर आले नाही. पहिल्या दिवशी वाटलं, थंडीनं आले नसतील. मग वाटलं, शुगर वाढली असेल. अकरा दिवस मी आपल्याच जागी, पचरीच्या पायऱ्यांवरच्या कठड्यापाशी, साडेपाचपासून उन्हं येईपर्यंत थांबलो. बाराव्या दिवशी तुमच्या घरी गेलो तर कुलूप. शेजारच्या क्षमाताईनं सांगितलं की तुमी जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, अन् तुमचा अभिनव येऊन विमानानं पुण्याले घेऊन गेला. पत्ता तिनंच दिला. तिनं मले विचारलं, आप उनके कौन? नऊ वर्षं झाली आपल्याले. सोबत व्यायाम करतो, म्हटलं.

एक गोष्ट मनात अडकून बसली आहे. २९ तारखेले आपण मनगटाले मनगट लावून जोडीचे हात करत होतो, तेव्हा तुमी डगमगले. मी दंड धरला म्हणून वाचले. तो धक्का माझा होता का? कमरेत काही उसण भरली अन् दुसऱ्या दिवशी जिन्यावर पाय गेला, असं तर नाही? खरं काय ते लिहा.

मी एकटाच करून राहिलो. सगळे हात शेवटपर्यंत होतात, पण जोडीचे हात एकट्यानं कसे करावे?

तुमचा
हिरालाल


पुणे, २९ जानेवारी २०२४

प्रिय हिरालाल,

तुझं पत्र मिळालं. रेल्वेच्या ऑफिसात छत्तीस वर्षं पत्रं लिहिली, पण मला कोणी पत्र लिहिल्याला किती काळ लोटला ते आठवेना. दोनदा वाचलं.

आधी ते खूळ डोक्यातून काढ. तुझ्या हाताचा यात काही संबंध नाही. पायरी ओली होती, चप्पल सरकली, बस. प्लेट बसवली आहे. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळतं आहे. अभिनव आणि मंजिरी फार करतात. दोघं नोकरीला जातात, पण सून दुपारी दोनदा फोन करून विचारते.

तुला एक आनंदाची बातमी. इथे सोसायटीच्या बागेत सकाळी आपल्यासारखाच एक गट जमतो. सोनिया नावाची मुलगी शिकवते. मी काठी घेऊन जातो, खुर्चीत बसून हात करतो. त्यांना आपले रायपूरचे हात फार आवडले. कुणाकडे शिकलात म्हणून विचारत होते. सांगितलं, सिलतऱ्याच्या मिलमधल्या एका फिटरकडे. कुणाला खरं वाटलं नाही.

घर अकराव्या मजल्यावर आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. काळजी करू नकोस. होळीपर्यंत परत येईन.

तुझा
यशवंत


रायपूर, ६ फेब्रुवारी २०२४

यशवंतराव,

तुमाले गट भेटला हे वाचून बरं वाटलं. खोटं कशाले सांगू, थोडं वाईटही वाटलं. मग स्वतःलेच म्हटलं, हिरालाल, तुझी काही मालकी आहे का?

त्या सोनियाबाईले विचारा, कोणाकडे शिकली. माझं तर तुमाले माहीत आहे. नवीन मिल बसवायले चीनचे इंजिनीयर आले होते, त्यातले वू साहेब रोज पहाटे कँटीनच्या मागे हे सावकाश हात करत. मी उभं राहून पाहत होतो, एक दिवस त्यांनी मले हातानं बोलावलं. त्यांले हिंदी येत नव्हती अन् मले चिनी. चौदा महिन्यांत दोन शब्द शिकलो. एक ‘सुंग’, म्हणजे सैल सोड. दुसरा ‘थिंग’, म्हणजे ऐक. मी माझ्या कानांकडे बोट दाखवलं, की मले कमी ऐकू येते. ते हसले. माझं मनगट स्वतःच्या मनगटावर ठेवलं अन् छातीवर, कमरेवर, मग तळपायावर बोट ठेवून दाखवलं, की हे इथून ऐकायचं. समोरच्याचा भार कोणत्या पायात आहे, कोणता पाय भरला, कोणता रिकामा, ते त्याच्या मनगटातून आपल्या तळपायापर्यंत येते. जोर लावला की येणं बंद.

हेच मी तुमाले पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुमी फिरायले आले होते, थांबले, म्हणाले, ये कौनसा योगा है भाई? मी मराठीत बोललो तर चकित झाले.

काल एका खांबाले मनगट लावून जोडीचे हात करून पाह्यले. खांब काही बोलत नाही. दोन जणींनी मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला अन् हसत पुढे गेल्या. अश्विनले हैदराबादले हे कळवलं तर त्यानं हिंदीत लिहिलं, पापा, घर में टीवी देखा करो.

तुमी काळजी घ्या. उजव्या पायावर भार टाकायची घाई करू नका.

हिरालाल


पुणे, २५ फेब्रुवारी २०२४

हिरालाल,

अक्षराकडे पाहू नकोस. इथले पेन भिकार आहेत.

माझा मोडला तो डावा खुबा. पुण्यात सगळे डाव्या पायाचीच चौकशी करतात. उजव्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. कुणालाच बोललो नाही. तू उजव्या पायाचं का लिहिलंस?

सरळ उत्तर दे.

यशवंत


रायपूर, ४ मार्च २०२४

यशवंतराव,

सरळच लिहितो. तीन दिवस झाले, लिहून फाडून राहिलो.

मले माहीत होतं. मागच्या गणपतीच्या आसपास पहिल्यांदा कळलं. तुमी भार उजवीकडे न्यायचे, कंबर जायची, गुडघा जायचा, पण खाली काही पोहोचत नव्हतं. भरल्या पायाच्या जागी रिकामा पाय. आधी वाटलं, नवीन बुटांनी असेल. दिवाळीपर्यंत ते वाढलं. तुमी चपलेले मागून पट्टा लावून घेतला तेव्हा तर डोळ्यांनीही दिसलं. मी ऐकलं अन् गप्प बसलो.

काहून गप्प बसलो ते लिहायले लाज वाटते. मी बोललो असतो तर तुमी डॉक्टरकडे गेले असते, डॉक्टरनं अभिनवले बोलावलं असतं, अन् अभिनवनं तुमाले नेलं असतं. मग मी कुठे गेलो असतो? माझी कमला गेल्याले तीन वर्षं होतात. अश्विन वर्षातून एकदा येते. सकाळी तलावावरून घरी गेलो की कुकर लावतो, पेपर वाचतो, संध्याकाळी बुद्धविहारात जाऊन बसतो. लोक चांगले आहेत, जय भीम करतात. पण दिवसभरात मले कोणाचा हात लागत नाही, यशवंतराव. सकाळचा तुमचा तेवढा.

त्यासाठी मी तुमाले पडू दिलं. धक्का माझा नव्हता, पण पडणं माझंच आहे. तुमी माफ करावं असं म्हणत नाही.

हिरालाल


पुणे, २ एप्रिल २०२४

प्रिय हिरालाल,

हे पत्र मी सांगतो आहे आणि मंजिरी लिहिते आहे. मला पेन धरवत नाही. पेन भिकार नव्हतं. आधी वाटलं तिच्यादेखत काही बोलता येणार नाही, पण तुझं पत्र पंचवीस दिवस उशीखाली ठेवून मी थकलो.

तुला वाटतं तूच ऐकत होतास? तू शिकवलंस ते मी नऊ वर्षं काय नुसतं गिरवत होतो? गणपतीनंतर एक दिवस तू माझ्या उजव्या बाजूला रेटणं सोडलंस. डावीकडे तेच ते गोल, उजवीकडे आलं की तुझा हात पिसासारखा हलका. त्याच दिवशी मला कळलं की तुला कळलं. मी एका शब्दानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं. तुझ्याइतकीच मलाही ती सकाळ हवी होती. तेव्हा पडणं एकट्या तुझ्या नावावर घेऊ नकोस.

आता माझं खोटं. इथे बाग आहे, गट नाही. सोनिया म्हणजे पाय हलवायला येणारी फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून तीनदा येते, कानाला फोन लावून माझा पाय वर-खाली करते. मी तीन महिन्यांत लिफ्टपर्यंतसुद्धा गेलेलो नाही. सगळे म्हणतात, बाबा घाबरतात. असेल तसंही. ही दोघं गेल्यावर मी खिडकीशी बसतो आणि एकट्यानं मनगट फिरवतो.

आणखी एक. नऊ वर्षांत तुला मी दोनदा घरी आणलं आणि दोन्ही वेळा व्हरांड्यातून चहा देऊन परत पाठवलं. आमच्या घरातलं सोवळंओवळं तुला माहीत होतं, म्हणून तू कधी आत पाहिलंसुद्धा नाहीस. पण अभिनवची आई जाऊन पाच वर्षं झाली. त्यानंतरही मी तुला आत ये म्हटलं नाही. तलावावर तुझ्या हाताला हात लावायचा आणि घरी व्हरांडा. हे मी मंजिरीला लिहायला लावतो आहे. ती थांबली आहे. लिही म्हटलं.

जमलं तर ये.

यशवंत

गजभियेकाका, हे मी माझं लिहिते आहे, बाबांना वाचून दाखवणार नाही. तुमचं पत्र त्यांनी मला दाखवलं. मला राग आला आणि अजून गेलेला नाही. तुम्हाला चार महिने कळत होतं. क्षमाताईंना एक शब्द सांगितला असता तरी आम्ही पोहोचलो असतो. पण आज बाबा तासभर बोलले. इथे आल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. तुम्ही या. आमच्याकडेच उतरायचं. मंजिरी.


रायपूर, २४ एप्रिल २०२४

यशवंतराव,

पोहोचलो. आझाद हिंद चार तास लेट होती.

हे पत्र वाचून तुमी रागावसाल, तरी लिहितो. कदाचित आतापर्यंत तुमाले कळलंच असेल.

तुमच्या घरी चार दिवस राहिलो. मंजिरी पहिल्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलली. दुसऱ्या दिवशी ती ताट वाढत होती, मी म्हटलं, बेटा, तुझा राग बरोबर आहे. ती भात वाढून समोरच्या खुर्चीवर बसली. तुमच्याच खोलीत माझी गादी टाकली. हे सगळं मी विसरणार नाही.

पण मी गेलो ते मनगट लावायले. पहिल्या दिवशी तुमी पलंगाच्या काठावर, मी खुर्चीवर. मले काहीच ऐकू आलं नाही. दोघंही इतके खूश होतो की आखडून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमी सैल सोडलं अन् मग आलं. उजवा पाय रिकामा, तो होताच. पण डावाही गेलेला. अन् हातही, यशवंतराव. तुमचा उजवा अंगठा माझ्या मनगटावर होता अन् तो कुठे आहे ते त्यालेच माहीत नव्हतं. मी तुमच्याकडे पाह्यलं. तुमी माझं मनगट घट्ट दाबलं अन् मान हलवली, की बोलू नको. पुन्हा दवाखाना नको, पुन्हा ऑपरेशन नको. तुमी तोंडानं बोलले नाही तरी मले कळलं.

मी आधी एकदा गप्प बसलो होतो. यावेळी बसलो नाही. अभिनव मले स्टेशनवर सोडायले आला तेव्हा प्लॅटफॉर्मवर त्याले सांगितलं. तो हिंदीत बोलत होता, मी मराठीत. तो म्हणाला, अंकल, फ्रॅक्चर के बाद कमज़ोरी तो रहती है. मी म्हटलं, बेटा, मी डॉक्टर नाही, फिटर आहे. मशीनचं एक बेअरिंग गेलं तर आवाज एकाच जागी येते. चारही जागी आवाज यायले लागला तर शाफ्ट पाहावा लागते. हे हाडाचं नाही. तुझ्या बाबाची मान, पाठ, सगळं तपासून घे, अन् महिना लावू नको.

त्याले किती पटलं माहीत नाही. कान कमजोर, गाडीचा आवाज, तो काय म्हणाला तेही मले नीट ऐकू आलं नाही. पण त्यानं माझ्या दोन्ही हातांले धरलं होतं. त्याचे हात थंड होते.

तुमी नको म्हटलेलं मी केलं. तुमी पत्र लिहिणं बंद केलं तरी चालेल.

हिरालाल


पुणे, १८ ऑगस्ट २०२४

प्रिय हिरालाल,

अक्षर माझं आहे. वाकडं आहे, चार ओळींनंतर विसावा घ्यावा लागतो, पण माझं आहे.

मी खरंच रागावलो होतो. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी अभिनवनं मला गाडीत घालून तपासणीला नेलं.  तुझं पत्र आलं तेव्हा न वाचता परत पाकिटात ठेवलं. वाटलं, ज्याच्या हातावर विश्वास टाकला त्यानंच मला धरून दिलं.

मानेच्या मणक्यात नस दबली होती. केव्हाची दबत होती. उजवा पाय त्यानं गेला, जिन्यावर पडलो तो त्यानं, आणि प्लेट बसल्यावर सगळे डाव्या खुब्याकडे पाहत राहिले. सत्तावीस मेला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी अभिनवला सांगितलं की आणखी दोन-तीन महिने गेले असते तर मी कायमचा पलंगाला खिळलो असतो. तुमच्या लक्षात कुणी आणून दिलं असं त्यांनी विचारलं. अभिनव म्हणाला, बाबांच्या मित्रानं. मी तेव्हा शुद्धीवर होतो आणि ऐकत होतो. मग घरी येऊन तुझं पत्र वाचलं.

वॉकर धरून पलंगापासून गॅलरीपर्यंत जातो. डावा पाय बराच भरला. उजवा आहे तसाच राहील म्हणतात. गेलेलं परत येत नाही, जायचं ते थांबलं, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. मी रायपूरला परत येणार नाही. जिना चढणं आता होणार नाही आणि एकटं तर राहताच येणार नाही. अभिनवनं घर विकलं. हे मी तुला स्वतःच्या हातानं लिहीन असं ठरवलं होतं, म्हणून इतके दिवस लागले. सप्टेंबरात सामान काढायला माणसं येतील. क्षमाताईंकडे किल्ली आहे. अभिनवला रजा नाही. तू उभा राहशील का? माझे कपडे आणि ऑफिसचे कागद देऊन टाक, पितळी भांडी मंजिरीला हवी आहेत. आत जा. सगळ्या खोल्यांत जा.

आणि तू दुसरा जोडीदार बघ, हिरालाल. हे रागानं लिहीत नाही.

तुझा
यशवंत


रायपूर, ६ ऑक्टोबर २०२४

यशवंतराव,

घर रिकामं झालं. भांडी दोन खोक्यांत बांधून ट्रान्सपोर्टनं पाठवली, पावती सोबत आहे. कपडे क्षमाताईनं ओळखीच्या माणसांले वाटले. ऑफिसचे कागद मी ठेवून घेतले, टाकवत नव्हते.

तुमी म्हटलं म्हणून सगळ्या खोल्यांत गेलो. ट्रक आला नव्हता, मी एकटाच होतो. व्हरांड्यातून आत पाय टाकताना चप्पल काढू की ठेवू ते समजेना, काढली. देवघर पाह्यलं, स्वयंपाकघर पाह्यलं. मग मागची तुमची झोपायची खोली. मग माणसं आली, त्यांनी पलंग हलवला तेव्हा भिंतीवर एक पट्टा दिसला. खांद्याच्या उंचीवर, पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंत, तेलकट, काळपट. हाताचा. मी हात लावून पाह्यला, उजवा हात बरोबर बसत होता. दाराच्या चौकटीपाशी तर रंग निघून चुना दिसत होता. असा पट्टा दोन-चार दिवसांत पडत नाही. तुमी कित्येक महिने भिंत धरून चालत होते अन् सकाळी तलावावर येऊन माझ्यासमोर हात सोडून उभे राहत होते.

मी तिथेच खाली बसलो. एकदा जरी आत आलो असतो तर दिसलं असतं, असं वाटलं. मग वाटलं, दिसलं असतं तरी मी बोललो असतो का? माणसं विचारायले लागली, अंकल, तबीयत ठीक है? मी हव म्हटलं अन् उठलो. घर घेणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी पेंटर लावला. मी किल्ली देऊन पायीच परत आलो. आता त्या गल्लीत माझं काही काम नाही, तरी कधीकधी तिकडून जातो.

जोडीदाराचं तुमी लिहिलं होतं. पुरा सप्टेंबर मी मनावर घेतलं नाही. मग मागच्या सोमवारी एक बाई कठड्यापाशी थांबल्या. पद्मिनी साहू, शाळेतून रिटायर झाल्या, छत्तीसगढी आहेत, पण मराठी समजते म्हणाल्या. किती दिवस पाहून राहिल्या होत्या, तुमालेही त्यांनी पाह्यलं होतं. म्हणाल्या, वो आपके साथ वाले भैया नहीं आते अब? मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मुझे सिखाएँगे?

मी म्हटलं, कल आइए. घरी गेलो अन् दिवसभर काही गोड लागलं नाही. वाटलं, उद्या जाऊच नये. पण गेलो. त्या आधीच आल्या होत्या.

हात लाकडासारखा आहे त्यांचा. सगळा जोर लावून ढकलतात, मी मागे सरलो की तोल जाते अन् स्वतःलेच हसतात. ऐकू यायले दोन-तीन वर्षं तरी लागतील. मलेही त्यांचं काही ऐकू येत नाही अजून, नुसता जोर येते. तुमच्या हातासारखं नाही ते. होणारही नाही.

पण सुरुवात करायच्या आधी मी त्यांले विचारलं, घरी कोण आहे? म्हणाल्या, कोणी नाही, मुलगी भिलाईले असते. मी वही काढली अन् मुलीचं नाव, नंबर मागितला. त्या हसल्या. म्हणाल्या, इतने में मुझे क्या हो जाएगा?

 नंबर लिहून घेतला, वही खिशात ठेवली अन् मग मनगट पुढे केलं.

तुमचा
हिरालाल